अंगी लागणं

तिसरा मजला, खाट नऊ.
गोम्बोजाव, वय एकोणसत्तर, गोबीतला मेंढपाळ.
छातीतली गाठ काढताना
सुरीचं टोक एका नळीला लागलं.
गव्हाच्या काडीएवढी नळी, पाण्याच्या रंगाची,
शोधूनही सहसा दिसत नाही.

बरगड्यांमधून रबराची नळी निघते,
खाटेखालच्या बाटलीत उतरते.
चार दिवस त्यात चहाच्या धुवणासारखं फिकट पाणी.
डॉक्टर मुन्खझुल म्हणाल्या, स्निग्ध काही द्यायचं नाही.
भात. साखरेचं पाणी. उकडलेला बटाटा.
त्यानं ताट माझ्याकडे सरकवलं:
"गवत जनावरांनी खावं, पोरी,
आणि जनावरं आपण."

पाचव्या संध्याकाळी त्याची सून आली, त्सेव्हेलमा,
कोटाच्या अस्तरात थर्मास.
मेंढीच्या शेपटीच्या चरबीचा वास लपत नाही.
मी पाठ करून
इंजेक्शनांचा ट्रे पुसत राहिले, आधीच पुसलेला.

पहाटे तीनला बाटली पांढरीशुभ्र.

म्हातारा जागा होता. वाकून बघत होता.
घाबरला नाही. एवढंच विचारलं:
"हे माझं आहे, की मेंढीचं?"

मी तिवई ओढली.
म्हटलं, बाबा, तेल आणि पाणी एका घरात नांदत नाहीत.
सूप पोटात गेलं तरी चरबी वर तरंगते, आपल्याच तोऱ्यात.
मग पुढे, आतड्याच्या तोंडाशी, पित्त येतं.
मेंढी सोलताना पित्ताची पिशवी
तुम्ही किती जपून काढता, फुटली तर मांस कडू!
तेच कडू पाणी चरबीचे थेंब बारीक बारीक करतं,
धुक्याएवढे.
मागोमाग स्वादुपिंडाचा रस. कात्रीच ती.
चरबीला तीन शेपट्या असतात,
दोन छाटते, एक ठेवते.
असे सुटे तुकडे आतड्याची भिंत आत घेते
आणि आत घेतल्याबरोबर
पुन्हा जोडून ठेवते.

"जोडायचंच तर तोडलं कशाला?"

मला उत्तर सुचेना.
छताकडे बघत त्यानंच दिलं:
"हां. आमच्या गेरसारखं.
उभा तंबू उंटावर चढत नाही.
उकलायचा, न्यायचा, पलीकडे उभारायचा."
थांबला. "वर नमदा घालतात का?"

घालतात, म्हटलं. प्रथिनाचा. पातळसा.

मग वाट सांगितली.
साखर निघते ती थेट यकृताच्या नाक्यावर, तिथे झडती.
ही गाठोडी मोठी, रक्ताच्या बारीक नळ्यांत मावत नाहीत.
म्हणून आडवाट. कण्याच्या कडेकडेनं, संथ,
दूध होऊन वर चढायचं
पार मानेपर्यंत.
मी बोट ठेवलं त्याच्या डाव्या हासळीमागच्या खळग्यात:
इथे. इथे ती रक्तात पडते.
मग हृदय घेतं, मांड्या घेतात, उरलंसुरलं यकृताला.
तुमची वाट मध्येच फाटली आहे.

माझं बोट निघालं तरी
त्यानं आपलं तिथे ठेवलं.
"म्हणजे माझं झालं होतं."
झालं होतं.
"पोचलं नाही एवढंच."

सहाला मोजलं: सहाशे चाळीस मिली.
कारणाचा रकाना बराच वेळ रिकामा.
शेवटी लिहिलं, रुग्णाने सूप घेतले, मी पाहिले,
आणि खाली सही, नेहमीपेक्षा सुवाच्य.

बाहेर उणे एकतीस. कोळशाचा धूर जमिनीलगत.
फाटकाशी त्सेव्हेलमा, रात्रभर गेली नव्हती.
तिला काय झालं ते सांगितलं.
ती रडली नाही, थर्मासचं झाकण फिरवत राहिली,
मग तळाशी उरलेलं त्यात ओतून माझ्यापुढे धरलं.
कडेला पांढरा थर गोठला होता.
नाही म्हणायला हवं होतं.

बस उशिरा आली.
हातमोजा काढून मी
हासळीमागे बोट दाबून उभी,
अजून तीन तास तरी लागतील, हे माहीत असून.